अंगणवाडीतली दोन वर्षे अर्जात काय म्हणून लिहावीत?

पत्र : सप्रेम नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. माझा मुलगा गेली दोन वर्षे गावातल्या अंगणवाडीत नियमित जात आहे. माझ्या सासूबाई त्याच अंगणवाडीत मदतनीस आहेत. येत्या नोव्हेंबरमध्ये त्याला सहा वर्षे पूर्ण होतील, म्हणून तालुक्याच्या गावी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज आणला. त्यात ‘पूर्व-प्राथमिक शिक्षण कोठे झाले’ असा रकाना आहे. तिथले कारकून म्हणाले की अंगणवाडी म्हणजे काही शिक्षण नव्हे, तिथे नुसता खाऊ मिळतो, मुलाला आधी सीनिअर केजीत बसवा. शाळेच्या माहितीपत्रकात मात्र केजी हा शब्दच नाही, ‘बालवाटिका–३’ असे छापलेले आहे. यजमान म्हणतात, रकान्यात एखाद्या खासगी नर्सरीचे नाव लिहून टाकू, कोण विचारायला येणार आहे? हे सगळे ऐकून सासूबाईंच्या मनाला फार लागले आहे. बालवाडी, अंगणवाडी, केजी, बालवाटिका यांत खरा फरक काय? रकान्यात मी काय लिहावे? आणि केजीसाठी मुलाचे एक वर्ष द्यावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. त्या रकान्यात ‘अंगणवाडी, दोन वर्षे’ असे लिहावे आणि पुढे गावाचे नाव घालावे. ते खरे आहे आणि पुरेसेही आहे. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लहान मुलांचे शिक्षण कोणकोणत्या ठिकाणी होईल ते सांगितले आहे. त्यात स्वतंत्र अंगणवाड्या, प्राथमिक शाळेच्या आवारातील अंगणवाड्या, प्राथमिक शाळांना जोडलेले पूर्व-प्राथमिक वर्ग आणि स्वतंत्र पूर्व-प्राथमिक शाळा अशा चार प्रकारच्या संस्था नमूद आहेत आणि त्यांत अंगणवाडीचे नाव पहिले आहे. त्यामुळे अंगणवाडी म्हणजे शिक्षण नव्हे, हे त्या कारकुनांचे वैयक्तिक मत झाले. त्याला धोरणाचा आधार नाही.

आता शब्दांकडे वळू, कारण तुमच्या घरातला सगळा गोंधळ त्यांच्यामुळेच झाला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याकडे जितके शब्द वापरात आहेत, तितके शिक्षणाच्या दुसऱ्या कोणत्याही टप्प्यासाठी नसतील. जुन्या पिढीतील माणसे पहिलीच्या आधीच्या वर्गाला ‘बिगरी’ म्हणत. मराठी शाळांत शिशुवर्ग किंवा बालवर्ग असे, त्यात लहान गट आणि मोठा गट असे, काही ठिकाणी छोटा शिशु आणि मोठा शिशु. शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनिअर केजी आणि सीनिअर केजी ही नावे घट्ट बसली आहेत. सरकारी कागदावर ‘पूर्व-प्राथमिक’ असते. या सर्व शब्दांत फरक आहे, परंतु तो प्रामुख्याने ती जागा कोण चालवते आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून होतो यांतला आहे. मूल तिथे दिवसभर काय करते, हे त्यांपैकी एकाही शब्दावरून कळत नाही. हे नीट लक्षात घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतील.

केजी म्हणजे किंडरगार्टन. हा जर्मन शब्द फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये आपल्या बालशाळेसाठी योजला आणि त्याचा अर्थ मुलांची बाग असा होतो. मराठीत वाडी म्हणजे वस्ती हा अर्थ आहे, तसाच बाग हाही आहे. कोकणातला माणूस नारळी-पोफळीच्या बागेला वाडीच म्हणतो. म्हणजे बालवाडी या शब्दातही मुलांची बाग आहे. वाटिका हा संस्कृतातून आलेला शब्दही बागेचाच. तुमच्या कारकुनांनी वापरलेला केजी, माहितीपत्रकात छापलेली बालवाटिका आणि आपली जुनी बालवाडी, हे तिन्ही शब्द अर्थाने एकाच जागी येऊन पोहोचतात. प्रतिष्ठा मात्र तिघांना सारखी मिळाली नाही, आणि तुमच्या सासूबाईंना लागले ते त्यामुळेच.

बालवाडी आणि अंगणवाडी या दोन शब्दांमागची हकीकत मला तुम्हाला थोडी विस्ताराने सांगायची आहे, कारण ती आपल्याच मातीतली आहे आणि ती ठाऊक असती तर तुम्हाला शाळेत त्या कारकुनांसमोर मान खाली घालावी लागली नसती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या उच्चशिक्षित बाईंनी राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातील प्राचार्यपद सोडले आणि भावनगरला गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम सुरू केले. गिजुभाईंनी ते बालमंदिर १९२० मध्ये काढले होते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील एका गरीब वस्तीत सुरू केलेल्या बालगृहाची पद्धत ते आपल्या मुलांना लागू पडेल अशा रीतीने वापरत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि ताराबाईंनी त्याचे काम पुढे अनेक वर्षे वाहिले. मात्र शहरातल्या सुखवस्तू घरांतील मुलांपुरते हे शिक्षण राहावे हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून १९४५ मध्ये त्यांनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. तिथे शिक्षिका अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर आल्या, आणि १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तिथे आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. घरची माणसे कामावर जात, लहान भावंड सांभाळायचे असे, गुरे चरायला न्यायची असत. अशा वेळी मुलांना व पालकांना दोष देणे सोपे असते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे असे त्यांनी ठरवले, आणि शिक्षिका पाड्यावर जाऊन कोणाच्या तरी घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात मुलांना गोळा करू लागल्या. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पाने आणि माती यांतून मोजणे, जुळवणे, रंग-आकार ओळखणे सुरू झाले. ज्या शिक्षणपद्धतीसाठी आज शहरात पालक मोठे शुल्क मोजतात, तिचे सर्वांत कल्पक भारतीय रूप अंगणवाडी या नावाने एका पाड्यावरच्या अंगणात घडले आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. हे सासूबाईंना अवश्य वाचून दाखवा. ज्या कामाचा एक भाग त्या रोज सकाळी करतात, त्याचा हा वारसा आहे.

मग अंगणवाडी म्हणजे खाऊ ही समजूत कुठून आली? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. या योजनेत सहा सेवा एकत्र बांधलेल्या आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार पुढच्या दवाखान्यात पाठवणे, आहार व आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. पूरक आहार रोज डोळ्यांना दिसतो, वजनकाटा दिसतो, लशीचा दिवस लक्षात राहतो. गाणे म्हणणे, गोष्ट ऐकणे, ठोकळे रचणे हे कोणाला शिक्षण वाटत नाही, कारण घरी दाखवायला त्यातून वही निघत नाही. शिवाय अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी आपल्याकडची कामाची वाटणी आहे. त्यामुळे शाळेतल्या माणसाला अंगणवाडी आपल्या जगातली वाटत नाही. कुपोषित मूल शिकू शकत नाही, हे उघड सत्य ज्या योजनेच्या मुळाशी आहे, तिच्या आहाराला ‘नुसता खाऊ’ म्हणणे मला तरी अनुचित वाटते.

याबरोबर एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्वच अंगणवाड्यांत शिक्षणाचा भाग सारख्या निगुतीने होतो असे नाही. सेविकेला सर्वेक्षणे, नोंदवह्या, गृहभेटी, गरोदर व स्तनदा मातांची कामे असतात आणि या सगळ्यांत मुलांबरोबर बसण्याचा वेळ आक्रसतो. सेविकांना शिक्षणाच्या प्रशिक्षणाची गरज आहे, हे २०२० च्या धोरणातही मान्य केलेले दिसते. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम त्यात सुचवला आहे. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा शाळापूर्व शिक्षणाचा अभ्यासक्रमही तयार करण्यात आला. तुमच्या मुलाच्या अंगणवाडीत प्रत्यक्ष काय होते, ते कारकुनांपेक्षा तुम्ही आणि सासूबाई कितीतरी चांगले सांगू शकता.

बालवाटिका हा शब्द नवा नाही, पण सगळीकडे दिसू लागला तो २०२० च्या धोरणानंतर. त्या धोरणाने शालेय शिक्षणाची मांडणी ५+३+३+४ अशी बदलली. त्यातील पहिली पाच वर्षे म्हणजे तीन ते आठ या वयाचा पायाभूत स्तर, ज्यात पहिलीपूर्वीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी असे सारे एकत्र येते. मूळ धोरणात बालवाटिका हा शब्द पहिलीच्या अगदी आधीच्या तयारीच्या वर्गासाठी आला आहे. पुढे केंद्रीय विद्यालयांनी तीन, चार आणि पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांच्या वर्गांना बालवाटिका १, २ आणि ३ अशी नावे दिली, आणि त्यांचे पाहून अनेक खासगी शाळांनी नर्सरी, ज्युनिअर केजी व सीनिअर केजी यांच्या पाट्या बदलल्या. म्हणजे तुमच्या माहितीपत्रकातली बालवाटिका–३ आणि कारकुनांची सीनिअर केजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पाटी बदलली म्हणून आतला वर्ग बदलतोच असेही नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तके नेमू नयेत आणि शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. बालवाटिकेची पाटी लावून पाच वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने लिहून घेणारा वर्ग नावाने नवा असला तरी त्या आराखड्याच्या विरुद्ध चालला आहे. त्या शाळेत गेलात तर मुलांच्या वह्या पाहायला मागा. त्यावरून तुम्हाला पाटीपेक्षा अधिक कळेल.

‘पूर्व-प्राथमिक’ या सरकारी शब्दाविषयी माझे एक मत आहे, ते येथे नोंदवते. या शब्दाने ती वर्षे पुढच्या शाळेच्या दाराशी उभी केली. जणू त्यांना स्वतःचे काही मोलच नाही, पहिली सुरू होईपर्यंत थांबायचे एवढेच. म्हणूनच अर्जातल्या त्या रकान्याला लोक पात्रतेची अट समजतात. वास्तविक तशी अट कायद्यात नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिलीत येण्यापूर्वी मूल कुठल्या वर्गात बसले होते, यावर त्याने काहीही अवलंबून ठेवलेले नाही. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांना प्राथमिक शिक्षणासाठी तयार करण्याकरिता शासनाला शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था करता येईल असे म्हटले आहे. ही तरतूद शासनासाठी आहे. मुलाने पूर्ण करायची ती अट नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्येही २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा प्रयत्न राज्याने करावा असे आहे. संगोपन आणि शिक्षण हे दोन शब्द तिथे शेजारी ठेवलेले आहेत, आणि अंगणवाडी नेमके तेच करते.

आता वर्षाचा प्रश्न. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण झालेली असावीत असा नियम आहे. तुमच्या मुलाला नोव्हेंबरमध्ये सहा पूर्ण होतात, म्हणजे तो यंदा पहिलीसाठी पात्र आहे. केंद्रीय विद्यालयांत हेच वय ३१ मार्चला मोजतात, त्यामुळे तिथे हाच मुलगा यंदा बालवाटिका–३ मध्ये बसला असता. दोन्ही ठिकाणी दोन वेगळी उत्तरे मिळतात आणि दोन्ही नियमाने बरोबर असतात. पालक गोंधळतात यात नवल नाही.

पात्र असणे आणि पाठवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला पाठवावे की नाही हे ठरवताना ए-बी-सी-डी येते का हे पाहू नका. तो अनोळखी मोठ्या माणसाशी आपली गरज बोलू शकतो का, शौचालयाला एकटा जाऊन येतो का, डबा स्वतः उघडून खातो का, गोष्ट शेवटपर्यंत ऐकून तिच्यात पुढे काय होईल ते सांगतो का, दहा-बारा वस्तू हाताने मोजून देतो का, आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, हे पाहा. यातले बरेचसे जमत असेल तर पहिलीत घालायला हरकत नाही. जमत नसेल आणि तो वर्गातल्या मुलांत सर्वांत लहानही असणार असेल, तर एक वर्ष थांबण्यात काही बिघडत नाही. त्याला वर्ष वाया जाणे म्हणू नये. तो निर्णय मात्र मुलाकडे पाहून घ्या. अंगणवाडीला कोणी कमी लेखले म्हणून घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरतात. तिथे शारीरिक, बौद्धिक, भाषिक, गणनपूर्व आणि सामाजिक-भावनिक तयारीच्या कृती मुलांकडून खेळीमेळीने करून घेतात. तुमच्या गावच्या शाळेत असा मेळावा असेल तर मुलाला घेऊन जा, सासूबाईंनाही बरोबर न्या.

तुमच्या पत्रात एक गोष्ट ओझरती आली आहे, ती मला केजीपेक्षा महत्त्वाची वाटते. ती शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. मुलाची दोन वर्षे मराठीत गेली आहेत, आणि ती उत्तम गेली आहेत असे मी धरून चालते. त्याला पहिलीत अडचण आलीच तर ती अपरिचित भाषेमुळे येईल, शिक्षण झाले नाही म्हणून नव्हे. शाळेला खरी काळजी याचीच असेल तर तिने तसे स्पष्ट बोलावे, म्हणजे तुम्हालाही नीट विचार करता येईल. जिथे शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेत वा घरच्या भाषेत व्हावे असे राष्ट्रीय धोरणही म्हणते, आणि मी त्याच मताची आहे. जो मुलगा मराठीत गोष्ट ऐकतो, प्रश्न विचारतो आणि भांडून आपली बाजू मांडतो, त्याला पहिल्याच वर्षी गप्प बसायला लावणारा वर्ग चांगला असू शकत नाही, त्याचे नाव काहीही असो. तालुक्याला जाण्यापूर्वी गावातल्या मराठी शाळेचा पहिलीचा वर्ग एकदा आत बसून पाहा. तो मनास आला नाही तर तालुक्याचा विचार करा.

यजमानांना माझा निरोप असा की खोट्या नर्सरीचे नाव लिहू नये. आज कोणी विचारणार नाही हे खरे असेल, पण अर्जाखाली ‘वरील माहिती सत्य आहे’ असे लिहून सही करायची असते आणि पुढे दाखला मागितला तर तुम्हालाच अवघड होईल. त्याहून मोठे कारण घरात आहे. सहा वर्षांचा मुलगा ऐकत असतो. ज्या ठिकाणी आजीने त्याला रोज हात धरून नेले, ते ठिकाण लपवण्यासारखे आहे असे त्याने आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकू नये. त्या शाळेत आपण लहान पडू अशी यजमानांना भीती वाटली असेल, ती मी समजू शकते. सासूबाईंशीही या विषयावर उघड बोला. त्यांना या दोन वर्षांत मुलात काय बदल दिसले ते विचारा आणि त्या जे सांगतील ते लिहून घ्या. शाळेत बोलताना त्याचा फार उपयोग होईल.

शाळेत पुन्हा जाल तेव्हा कारकुनांशी वाद न घालता थेट मुख्याध्यापकांची भेट मागा. जन्मदाखला बरोबर न्या. अंगणवाडी सेविकाताईंकडून, हजेरीच्या नोंदीच्या आधारे, मूल कधीपासून कधीपर्यंत येत होते एवढे लिहिलेले साधे पत्र घ्या. त्याने काढलेली चित्रे असतील तर तीही ठेवा. पहिलीसाठी सीनिअर केजी सक्तीची असल्याचे मुख्याध्यापकांनीही सांगितले, तर तो नियम लेखी मागा. लेखी द्यायला ते तयार नसतील, किंवा वयाने पात्र असूनही प्रवेश नाकारत असतील, तर पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घेऊन ठेवा.